फळ तसेच खावे की शिजवून?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या धाकटीला जिना चढताना दम लागू लागला. आठवीत आहे ती. आम्ही बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. आधी वाटले, अभ्यासाचा शीण असेल. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.४! या वयाच्या मुलीला निदान १२ तरी हवे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हणाले, "जेवणाबरोबर आवळा, पेरू असं काहीतरी देत जा." झाले! त्या एका वाक्यावरून आमच्या घरात महिनाभर धुसफूस चालली होती.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी मोरावळ्याची बरणी खाली काढली. मी शाळेतून येताना स्टेशनबाहेरून अर्धा किलो पेरू आणले होते. "थंडीत पेरू? पोरीच्या मागे खोकला लावायचाय का? आवळा काय नि मोरावळा काय, एकच की!"

एकच का? मीही अडले. मग पुस्तके काढून बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. २०१७ च्या नव्या कोष्टकात ते सुमारे २५० वर आले आहे. तरी पुष्कळच म्हणायचे. आपला साधा पेरूही दोनशेच्या वर आहे, संत्र्याच्या कितीतरी पुढे. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेने नासते. आता मोरावळा कसा करतो ते आठवा, मैत्रिणींनो. आवळे टोचायचे, पाण्यात भिजत घालायचे, वाफवायचे, वर पाकात शिजवायचे आणि वर्षभर फळीवर ठेवायचे. आवळा आंबट म्हणून त्यातले थोडेफार टिकते. पण ताज्या आवळ्याची सर कुठून येणार? शिवाय साखर किती पोटात जाते!

आणि आम्हांला हे जीवनसत्त्व हवे होते ते लोहासाठी. पालेभाजी, डाळी, बाजरीतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर जास्त घेते. दुपारी चारला पेरू खाऊन तो फायदा नाही, पानातच हवा. म्हणून मी पेरूची दह्यातली कोशिंबीर करू लागले, बियांसकट. पोह्यांवर लिंबू पिळते ते गॅस बंद केल्यावर. जेवणावर लगेच चहा घेणे मात्र बंद केले. चहाने लोह अडते. (हे यांना सर्वांत जड गेले. आजार लेकीचा आणि चहा बापाचा गेला!)

पण म्हणून शिजवलेले फळ वाया गेले असे मुळीच नाही हं. सासूबाईंना कवळी आहे. पेरूची बी त्यात अडकली की दिवसभर कुरकुर. त्यांना मी सफरचंद वाफवून देते आणि खाली उरलेले पाणीही वाटीत ओतते, कारण क्षार उष्णतेने नाहीसे होत नाहीत, पाण्यात उतरतात. वसईहून येणाऱ्या बाईकडे राजेळी केळी मिळाली की तुपात परतून साखर-वेलची घालायची. शिजल्याने चोथा मऊ होतो, म्हाताऱ्या माणसांना नि दात न आलेल्या बाळांना तेच सोसते. आंबा-पपईच्या पिवळ्या रंगातून अ जीवनसत्त्व मिळते, ते शिजवण्याने फारसे बिघडत नाही. त्याला थोडी स्निग्धता मात्र लागते. आमरसावर चमचाभर तूप घालणाऱ्या आपल्या आज्यांनी कुठली कोष्टके वाचली होती!

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. ११.३. मुख्य काम गोळ्यांनी केले, हे मला ठाऊक आहे, आणि त्या अजून चालूच आहेत. सासूबाईंच्या मते मात्र श्रेय मोरावळ्याचे, कारण रोज शाळेला निघताना नातीच्या हातावर अर्धी फोड त्या ठेवतच होत्या, मला न सांगता. परवा त्यांनीच विचारले, "अगं, आज कोशिंबिरीला पेरू नाही आणलास?"