बैठकीचा पैसा कुणाच्या शिवारात?



मागल्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात आपली बैठक झाली. ठराव झाले, घोषणांनी शिवार दुमदुमलं. सगळे पांगल्यावर आम्ही चार-पाच जण मागं थांबलो आणि ज्याच्या वावरात मांडव होता त्याच्यासोबत बांधानं फिरलो. शेजारच्या हरभऱ्यावरून जीपची चाकं गेलेली. वेचणीला आलेल्या पऱ्हाटीत पाण्याची रिकामी पाकिटं आणि प्लास्टिकचे पेले अडकलेले. कापसात असा कचरा निघाला की भावात कसं काटतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. तो गडी काही बोलला नाही. उलट त्यानंच आम्हाला चहा पाजला.

त्या रात्री हिशेब मांडला. मांडव शहरातला, पॉलिस्टरचा. फलक फ्लेक्सचे. जेवण शहरातल्या केटररचं. गावाच्या पदरात पडलं ते एका चहाच्या टपरीचं आणि दोन पानठेल्यांचं गिऱ्हाईक. पुऱ्या तळल्या पामतेलात. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा. व्यासपीठावरून आपण त्याच आयातीवर तोंडसुख घेत होतो आणि मांडवामागं त्याच तेलाचे डबे फुटत होते! ज्वारीला भाव मागणाऱ्यांच्या पंगतीत भाकरी नव्हती. कापूसवाल्यांच्या सभेत सुती धागा होता तो अंगावरच्या सदऱ्यात, तोही काहींच्याच.

आता येण्याजाण्याचं. पन्नास किलोमीटरवरून चारशे माणसं यायची आहेत असं धरा. येऊन-जाऊन शंभर किलोमीटर. एसटी लिटरला साधारण पाच किलोमीटर चालते आणि पंचेचाळीस माणसं नेते. नऊ गाड्यांना १८० लिटर डिझेल पुरतं. तीच माणसं चार-चार करून जीपनं आली, तर शंभर जीपा आणि लिटरला बारा किलोमीटर धरून आठशेच्या वर लिटर. म्हणजे एका दिवसात साडेसहाशे लिटर जादा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा पावणेदोन टन झाला. नव्वद रुपये लिटरनं पैशाचा हिशेब तुम्हीच करा. गाडीभाडं वेगळं.

कोणी म्हणेल, आमच्या चार जीपांनी काय आभाळ तापतं? खरं आहे. २०२३ साली दुबईत हवामानाची जागतिक परिषद भरली, तिथं ऐंशी हजारांवर माणसं जमली, बरीचशी विमानानं. त्यांच्यापुढं आपला धूर म्हणजे विडीचा. पण बिघडलेल्या पावसाचा पहिला दणका कोरडवाहूलाच बसतो, आणि जळालेलं डिझेल आपल्याच खिशातलं असतं.

हे सगळं नवं नाही. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. गांधीजींचा आग्रह असा की नगर उभारायचं ते गावाकडच्या सामानात, गावच्या कारागिरांच्या हातून. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून ते सजवलं. त्या पक्षाशी आमचं पुढं कधी फारसं पटलं नाही, पण घेण्यासारखं ते घ्यावं.

तेव्हा आमचं म्हणणं असं. दूरच्या तालुक्यांनी प्रासंगिक करारावर एसटी घ्यावी. जवळच्यांनी रोजच्या फेरीनं यावं. २०२३ पासून बायांना रोजच्या फेरीत अर्धं तिकीट आहे. निदान या निमित्तानं तरी त्या सभेला येतील, सरपंचाच्या जीपमध्ये त्यांना जागा कधीच नसते. जेवण यजमान गावचं: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा, मोसमात असेल ती भाजी. ज्वारी आणि तूर गावातूनच घ्यायची, बाजारभावानं नाही, आपण ठरावात मागतो त्या भावानं. आणि भाकऱ्या गावच्या बायांनी फुकट थापायच्या नाहीत. भाकरीमागं मजुरी ठरवून संध्याकाळी रोख द्यायची. घामाचं दाम मागणारी माणसं घरातल्या घामाचं दाम विसरतात, हे आम्ही आमच्याच घरात पाहिलं आहे. जेवणाचं कुपन थोडं महाग पडेल. पडू द्या. फलक सुती कापडावर गावच्या रंगाऱ्याकडून रंगवून घ्या; ते पुढच्या सभेलाही चालतात.

पाण्याचा विचार आधी करा. दोन हजार माणसं, माणशी पाच लिटर, म्हणजे एक भरलेला टँकर. चैत्र-वैशाखात जिथं बाया टँकरच्या रांगेत उभ्या असतात तिथं सभा ठेवू नये. विहिरींना पाणी असतं तोवर, पौषापर्यंत उरकावी. प्यायला माठ आणि तांब्या. पाकीट नाही.

तालुका समित्यांनी किती माणसं आणि किती गाड्या येणार ते यजमान गावाला आठ दिवस आधी कळवावं, म्हणजे दळण त्या बेतानं होईल. गाड्या रस्त्याकडेलाच उभ्या राहतील, पुढाऱ्यांच्याही. आम्ही स्वतः पुढच्या बैठकीला एसटीनं येणार आहोत. फेरी चुकली तर वाट पाहू नये, सभा सुरू करून घ्यावी.