धूर बघण्याचे पैसे

हिवाळ्यात ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरला की शहरातल्या जुन्या गाड्या हात बदलू लागतात. 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या मेळ्यात आता मोटारींच्या दालनांत झुंबड उडते, कारण ज्या वर्षी सरकार सवलत जाहीर करतं त्या वर्षी रोड टॅक्स निम्मा होतो. त्यात दिल्लीची भर. 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची तिथली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरली, आणि एरवी आपल्या गॅरेजची पायरी न चढणाऱ्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारही एनओसी घेऊन स्वस्तात बाहेर पडल्या. शिंदे की छावनीतल्या आमच्या एका वर्गणीदार मिस्त्रींचं पत्र अशाच एका गाडीबद्दल आहे. सकाळी सेल मारला की निळसर धूर येतो. मालक धास्तावलेला. आधीच्या गॅरेजने सांगून टाकलंय की रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. ‘खोलू का?’ एवढंच मिस्त्री विचारतात.

नका खोलू. निदान इतक्यात तरी.

निळा म्हणजे ऑइल, पांढरा म्हणजे कूलंट, काळा म्हणजे पेट्रोल जादा, हे आपण सगळे उमेदवारीतच शिकलो. ते खोटं नाही, पण त्यावर इंजिन उतरवता येत नाही. धूर केव्हा येतो ते आधी विचारा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होताना एकदा निळा धूर सोडते आणि मिनिटभरात थांबते, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. उतारावर पाय सोडून पुन्हा रेस दिल्यावर मागे लोट आला तरी बहुधा तेच, कारण पाय सुटला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम वाढतो आणि गाइडमधून ऑइल ओढलं जातं. चढावर, लोडवर सतत धूर येतोय आणि ऑइलचं झाकण काढल्यावर बॅक कॉम्प्रेशन भसाभसा मारतंय, तेव्हाच रिंगांचं नाव घ्या. तेही कॉम्प्रेशन मोजून, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजून. आकडा चढला तर रिंगा किंवा बोर. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅसकेट. टर्बोच्या गाडीत त्याआधी टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप पाहा. तो चोंदला की ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं आणि बोल मात्र इंजिनाला लागतो.

बॉक्स्टरसारख्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनांचं गणित आणखी वेगळं. गाडी उभी राहिली की थोडं ऑइल रिंगांपलीकडे झिरपतं. सकाळी त्याचा थोडा धूर निघाला तर तो त्या इंजिनाचा स्वभाव समजावा. चमचाभर ऑइलची परीक्षाही इथे भरवशाची नाही, कारण ऑइल सिलिंडरच्या खालच्या अंगालाच साचतं. लीकडाउन टेस्टच करावी. पण गल्ली भरून जाईल एवढा ढग उठला आणि ओसरेना, तर ऑइल सेपरेटर तपासा. क्रँककेसमधल्या वाफांतून ऑइल वेगळं काढणारा हा डबा. त्यातला पडदा फाटला की इनटेक थेट ऑइल पिऊ लागतं. इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचं झाकण उचलून बघा: आतून जोरात ओढ लागत असेल तर अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं पारदर्शक नळी, रंगीत पाणी आणि फूटपट्टीवर मिळतं. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून झाकणाच्या जागी लावा. पाण्याच्या दोन पातळ्यांत साधारण 4 ते 6 इंचांचा फरक ठीक. त्याच्या बराच वर गेला तर पडदा गेला. सेपरेटर इंजिन न उतरवता बदलता येतो. मिस्त्रींची गाडी आडव्या इंजिनाची आहे की उभ्या, हे पत्रात नाही; नळी मात्र आधी लावावी.

पांढऱ्या धुराबाबत ग्वाल्हेरच्या मंडळींनी जानेवारीत जरा धीर धरावा. पारा चार-पाच अंशांवर असताना नवी कोरी गाडीही वाफ सोडते. वाफ चार हातांवर विरते आणि सायलेन्सर तापला की थांबते. कूलंटचा धूर रेंगाळतो, त्याला गोडसर वास येतो आणि टाकीतली पातळी उतरते. पातळी कूलंटची न उतरता ब्रेक ऑइलची उतरत असेल, चाकांपाशी कुठे ओल नसेल, तर बूस्टरची व्हॅक्यूम नळी उपसून पाहा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ब्रेक ऑइल त्या वाटेने मॅनिफोल्डमध्ये जातं आणि पांढरा धूर काढतं. या एका सीलपायी हेड खोललेल्या गाड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील.

काळ्या धुराचं खापर हल्ली सरसकट ई-20 पेट्रोलवर फुटतं. इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, गडद नव्हे. टेम्परेचर सेन्सर, गळका इंजेक्टर, प्रेशर रेग्युलेटरचा पडदा, तिकडे वळा. आणि पीयूसी पास झाली म्हणून निश्चिंत राहू नका: पेट्रोल गाडीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, धुराची दाटी मोजतात ती डिझेलची.

हे सगळं आपल्याला ठाऊक नाही असं नाही. तरी इंजिनं उतरतात, कारण आपल्या धंद्यात खोलण्याचे पैसे मिळतात आणि बघण्याचे मिळत नाहीत. रात्रभर गाडी ठेवून घेतली, सकाळी थंड इंजिन सुरू करताना मागे उभं राहून पाहिलं, प्लग काढून वाचले, दोन टेस्ट केल्या, तर त्या अर्ध्या दिवसाचं बिल कोण लावतो? मग पोट भरायला बिलात हाफ इंजिन येतं. आमचं मत स्पष्ट आहे: तपासणीचा दर पाटीवर लिहा, धूर केव्हा, किती वेळ, कोणत्या वासाचा हे जॉबकार्डवर नोंदवा, मालकाकडून सकाळच्या स्टार्टिंगचा मोबाइल व्हिडिओ मागवा, आणि निदान लेखी द्या. काम आपल्याकडे केल्यास तपासणी फुकट, ही सवलत काही गॅरेज देतात. ती आम्हाला पटत नाही. तिने मिस्त्री पुन्हा खोलण्यावरच अवलंबून राहतो.

गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाईल, अशी भीती असते. काही जातीलही. पण ज्या गाडीच्या गॅसकेट सेटसाठी परदेशी पार्सलची वाट बघत बसावं लागतं, तिच्या मालकाला एका लेखी निदानाचे पैसे जड जात नाहीत.