नवा टायर पुढे की मागे?



नाशिकहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्याने गिअरची माउंटन बाईक घेतली. आठवडाभर तिच्यावरून कामावर जातो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर टेकडीवरच्या पायवाटेने चालवतो. पावसाळ्यात उतारावरच्या एका वळणावर पुढचे चाक घसरले. कोपराला टाके पडले आणि आठ दिवसांची मजुरी बुडाली. आता तो म्हणतो, पुढे चांगली पकड असलेला टायर टाकायचा. दुकानदार म्हणतो, मागचा जास्त झिजला आहे, नवा टायर मागे टाका. आणि वडील म्हणतात, टायर तो टायर, त्यात एवढे काय बघायचे? ताईंनी विचारले आहे, "या तिघांत बरोबर कोण?"

ताई, बरोबर तुमचा मुलगा आहे. मात्र दुकानदाराचे म्हणणेही खोटे नाही आणि वडिलांची पैशाची काळजीही रास्त आहे. तिघांचेही समाधान होईल असा मार्ग आहे. तो समजून घेऊ, कारण अशा सायकली आज आपल्या अनेक वस्त्यांतून दिसतात.

पुढच्या चाकाचे काम

सायकलचे मागचे चाक ढकलते आणि पुढचे चाक दिशा दाखवते. ब्रेक लावला की अंगाचा भार पुढे येतो. एस.टी. थांबताना उभे प्रवासी पुढे झुकतात, तसेच हे आहे. त्यामुळे वेग आवरण्याचे मोठे काम पुढच्याच चाकावर पडते. उतारावर तर हा भार आणखी वाढतो. म्हणजे वळणेही त्यानेच घ्यायची आणि थांबवायचेही त्यानेच.

मागचे चाक घसरले, तर सायकलची शेपटी हलते. आपल्याला ते कळते, पाय टेकवून सावरता येते. पुढचे चाक घसरले, तर काय झाले हे कळायच्या आत माणूस जमिनीवर असतो. म्हणून दोन टायरपैकी ज्याची पकड जास्त, तो नेहमी पुढे.

दुकानदाराचे कुठे चुकले? मागचा टायर लवकर झिजतो हे खरे आहे, कारण बसणाऱ्याचे जास्त वजन त्याच्यावर असते आणि पायडलचा सगळा जोरही त्यालाच सोसावा लागतो. पण मागचा गोटा झाला म्हणून नवा टायर मागे टाकायचा नसतो. पुढचा अर्धवट वापरलेला टायर काढून मागे टाकावा आणि नवा पुढे बसवावा. पैसे एकाच टायरचे लागतात. जुना पुढचा टायर मागे आणखी काही महिने चालतो आणि पुढे नेहमी ताजे रबर राहते. वडिलांना हा हिशेब जरूर सांगा.

टायर तो टायर नव्हे

ही सायकल मुळात रस्त्यासाठी जन्मलेली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथील तरुण १९७० च्या दशकात जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यती लावत. १९७६ साली सुरू झालेली अशी एक शर्यत 'रिपॅक' या नावाने प्रसिद्ध आहे. उतारावर ब्रेक दाबून दाबून मागच्या चाकाचा हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. त्या खटपटीतून पुढे माउंटन बाईक तयार झाली आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यतीचा समावेश झाला. मातीच्या उतारावर सायकल कशी आवरावी, हा प्रश्न पहिल्यापासूनच तिच्या मागे आहे.

आता पुढचा टायर घेताना काय बघावे ते सांगतो.

पहिली गोष्ट रबर. मऊ रबर दगडाच्या बारीक खाचांत दबून बसते, म्हणून पकड धरते. कडक रबर जास्त दिवस टिकते, पण ओल्या दगडावर सटकते. रबराचा कडकपणा 'शोअर ए' या मापाने मोजतात. आकडा जितका कमी, तितके रबर मऊ. साधारण टायर साठच्या आसपास असतात. खास पकडीसाठी केलेले पन्नास किंवा त्याखालीही जातात. हा आकडा प्रत्येक टायरवर छापलेला नसतो. तेव्हा दोन टायर शेजारी ठेवून नखाने दाबून बघावेत. ज्यात नख सहज रुतते, तो मऊ. मऊ टायर थोडा जड चालतो आणि लवकर झिजतो. पण पुढे भार कमी असल्याने हे नुकसान मागच्यापेक्षा कमी होते. म्हणूनच जाणकार पुढे पकडीचा आणि मागे हलका पळणारा टायर लावतात. मॅक्सिस कंपनीच्या 'मिनियन' टायरमध्ये 'डीएचएफ' आणि 'डीएचआर' असे दोन प्रकार मिळतात. त्यातील शेवटचे अक्षर पुढचा की मागचा हेच सांगते.

दुसरी गोष्ट नक्षी. चिखलासाठी ठोकळे उंच आणि एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे चाक फिरताना चिखल झटकला जातो. ठोकळे दाटीवाटीने असतील, तर आपली काळी माती मध्ये भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. कोरड्या, टणक मुरुमाच्या वाटेवर मध्यम उंचीचे, थोडे जवळचे ठोकळे बरे. कडेचे ठोकळे मात्र नीट पाहावेत. वळणावर सायकल कलते तेव्हा जमिनीला तेच धरतात. ते रुंद आणि भक्कम हवेत. जुन्या टायरच्या ठोकळ्यांच्या धारा गोलसर झाल्या असतील, तर उंची शिल्लक दिसली तरी पकड गेली असे समजावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डांबरी किंवा सिमेंटच्या ओल्या रस्त्यावर मोठ्या ठोकळ्यांचा फायदा होत नाही, उलट तोटा होतो. तेथे जितके रबर रस्त्याला टेकेल तितके चांगले, आणि ठोकळ्यांचे फक्त माथेच टेकतात. आठवड्याचे सहा दिवस डांबरावर आणि एक दिवस टेकडीवर जाणाऱ्याने मध्ये जवळजवळ असलेली बुटकी नक्षी आणि कडेला ठोकळे असा टायर घ्यावा. ओला पांढरा पट्टा, गटाराचे लोखंडी झाकण, रेल्वेचा रूळ आणि शेवाळ यांवर कोणताच टायर टिकत नाही. तेथे सायकल सरळ ठेवावी आणि ब्रेकला हात लावू नये.

तिसरी गोष्ट माप. टायरच्या कडेला दोन आकडे जोडून छापलेले असतात, त्यातला मोठा आकडा रिमशी जुळला पाहिजे. ५५९ म्हणजे २६ इंची माउंटन बाईक, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस आणि ६२२ म्हणजे एकोणतीस इंची. नुसते "सव्वीसचा द्या" म्हटले तर फसगत होऊ शकते. २६ × १ ३/८ असे लिहिलेला टायरही सव्वीसचाच म्हणवतो, पण त्याचा आकडा ५९० असतो आणि तो या रिमवर बसत नाही. रुंदीला पुढचा टायर मागच्यापेक्षा थोडा जाड चालतो, मागे २.१ इंच असेल तर पुढे २.२५ किंवा २.३५. मात्र बसवल्यावर चिमटा आणि टायर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना आणि वर पेन्सिल सहज फिरेल एवढी जागा राहिली पाहिजे. नाही तर चिखल अडकून चाक जाम होईल, आणि ते पुढचे चाक असेल हे विसरू नका. टायरवर बाण असतो. चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेला बाण ठेवून बसवून घ्यावा.

पैसे न लागणारी पकड

ताई, नवा टायर घेण्याआधी एक गोष्ट आजच करून बघायला सांगा. बहुतेक दुकानांत हवा दगडासारखी कडक भरून देतात. कडक टायर खडीवरून उड्या मारतो, जमिनीला धरत नाही. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने दोन इंची, ट्यूबच्या टायरमध्ये मातीच्या वाटेसाठी तीस ते पस्तीस पौंडांच्या दरम्यान हवा ठेवून बघावी, आणि पुढे मागच्यापेक्षा दोन-तीन पौंड कमी. टायरवर छापलेली मर्यादा मात्र पाळावी. हवा फारच कमी झाली तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. तशी दोन भोके दिसली की हवा थोडी वाढवायची. रोजच्या डांबरी रस्त्यासाठी हवा थोडी जास्त चालते. अनेकदा एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते.

टायर उन्हात ठेवू नये, रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. चमक यावी म्हणून रॉकेल किंवा तेलाचे फडके तर मुळीच फिरवू नये. साधे पाणी आणि साबण पुरे.

आणि शेवटी मुलासाठी दोन शब्द. बाळा, टायर कितीही चांगला असला तरी वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नव्हे. ब्रेक दोन्ही आणि हळूहळू दाबायचे. डोक्यावर हेल्मेट घालायचे. नवा टायर बसवल्यावर पहिले काही दिवस सावकाश चालव, त्याची पकड किती ते हाताला कळू दे. दुकानात जाताना मापाचा आकडा कागदावर लिहून ने, टायर हातात घेऊन बघ आणि पटेल तोच घे. पैसा कष्टाचा आहे, तो कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः पारखून खर्च करावा.