स्वॅब घेण्याचे तंत्र आणि चित्रफीत
नाकातून घशाच्या वरच्या भागापर्यंत स्वॅब नेण्याचे तंत्र चित्रफितीने शिकवता येत नाही, हे मत अर्धेच खरे आहे. २०२० साली करोनाकाळात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने या तंत्राची चित्रफीतच प्रसिद्ध केली. स्वॅब टाळूला समांतर, कानाच्या रोखाने सरकवायचा. अडथळा लागताच काही सेकंद थांबून हलकेच फिरवत काढायचा. तो वर, डोळ्यांच्या दिशेने गेला तर नमुना अपुरा येतो आणि बाधित रुग्णाचा अहवालही निगेटिव्ह येऊ शकतो. योग्य दिशा चित्रफितीतील छेदचित्रात स्पष्ट दिसते. दाबाचा अंदाज मात्र अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच येतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात अशी देखरेख मिळू शकते. मराठवाड्यातील लहान आरोग्य केंद्रात ती सहसा नसते, म्हणून तिथे चित्रफीत अत्यावश्यकच आहे.