आजीने संस्कारच का आणायचे?

"ही कसली आजी? शिव्या काय देते, पत्ते काय कुटते!" रविवारी आमच्याकडे 'मिनारी' बघायला आलेल्या शेजारच्या काकूंनी चित्रपट अर्ध्यावर असतानाच निकाल देऊन टाकला. तेव्हापासून ते वाक्य मला टोचतंय, कारण मला सगळ्यात भावली ती हीच आजी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ली आयझॅक चंग यांनी आर्कान्सामधल्या आपल्या बालपणावरून बेतलेला हा २०२० सालचा चित्रपट. १९८०च्या दशकातलं कोरियन कुटुंब. आईवडील हॅचरीत पिलांमधले नर-माद्या वेगळे काढतात. वडिलांना कोरियन भाज्यांची शेती करायची आहे. मुलांना सांभाळायला आईची आई कोरियाहून येते. त्या भूमिकेसाठी यून यो-जंग यांना २०२१मध्ये ऑस्कर मिळालं.

आपल्याकडे परदेशातल्या नातवंडांचा विषय निघाला की गाडी थेट संस्कारांवर येते. व्हिडिओ कॉल लागतो, चार वर्षांचं पोर हातातली मोटार दाखवायला धावत येतं आणि इकडून फर्मान सुटतं, "आधी शुभंकरोति म्हणून दाखव!" पोर गप्प. आई मागून पहिला शब्द पुरवते. मोटार बघायची राहूनच जाते. पुढच्या वेळी ते फोनजवळ फिरकत नाही आणि आपण म्हणतो, तिकडची मुलं तुसडीच!

चित्रपटातल्या छोट्या डेव्हिडलाही आजी नकोच असते. हिच्या अंगाला कोरियाचा वास येतो, हिला बिस्किटं भाजता येत नाहीत, ही खरी आजीच नाही. एकदा तर तो कपात लघवी भरून तिला पाजतो. वडील छडी काढायला निघतात, तेव्हा ती नातवाचीच बाजू घेते. हृदयात दोष म्हणून ज्याला घरात सतत 'पळू नकोस' ऐकावं लागतं, त्याला ती दणकट म्हणते. त्या पोराला याच शब्दाची भूक होती. मग आजीच्या वासाचं त्याला काही वाटेनासं होतं.

आजीचं सामान उघडतं, त्यातून तिखटाची पूड आणि सुकी मासळी निघते आणि लेकीला रडू फुटतं. तिथे मात्र काकूंनीही डोळ्यांना पदर लावला. लेकीच्या बाळंतपणाला जाताना डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला बसवायला त्यांनी बॅग किती वेळा वजनकाट्यावर चढवली-उतरवली, ते मी पाहिलं आहे. लेकीला काय हवं हे त्यांना बरोबर कळलं होतं. नातवाला काय हवं, हे मात्र त्याला कुणी विचारलंच नाही.

या उन्हाळ्यात तिकडे निघालेल्या आजी-आजोबांना माझी कळकळीची विनंती आहे. बॅगेत पत्त्यांचा एक कॅट टाका. नातवंडांना भिकार-सावकार शिकवा, हरलात तर खुशाल भांडा. शुभंकरोति संध्याकाळी तुम्ही म्हणाच. पोराला वाटलं तर ते आपणहून शेजारी येऊन बसेल.