धुक्यातला चापडगाव

डिसेंबरातली पहाट. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळाकाठच्या चापडगावात धुकं इतकं दाट, की बदकं दिसण्याआधी ऐकू येतात.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती माजल्या. माणसाने सिंचनासाठी अडवलेल्या पाण्यातून असं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ घडलं. २०१९ साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, ठरलं.

धुकं विरळ होतं तसे आकार उमटू लागतात. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पक्षी, टोकदार शेपटीची तलवार बदकं, आणि संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहाशी जोडलेली, केशरी अंगाची चक्रवाकाची जोडी. सगळ्यांत रमवतो तो थापट्या. पसरट चोच पाण्याला टेकवून तो गोल गोल फिरतो. पाणी ढवळलं की वर येणारे बारीक जीव चोचीच्या कडांवरच्या कंगव्यासारख्या दातांत गाळले जातात. कितीतरी वेळा सात-आठ थापटे एकाच चक्रात फिरताना दिसतात.

हे टिपायचं तर कॅमेरा पाण्याच्या पातळीवर हवा आणि सूर्य पाठीशी. छायाचित्रकाराला गवतात आडवं होऊन, दवात भिजत थांबावं लागतं. उडणारा थवा मिळावा म्हणून काहीजण मुद्दाम पुढे सरकतात, टाळ्या वाजवतात. हे वाईटच. मध्य आशिया, सायबेरियातून आलेल्या पाहुण्यांची परतीसाठी साठवायची चरबी अशा उड्डाणांत खर्च होते.

नऊच्या सुमाराला ऊन चढतं आणि बरीचशी बदकं पाण्यातच चोच पाठीत खुपसून झोपी जातात.