मानांकन आंब्याला मिळालं, मान कुणाला?



तोडणी तोंडावर आली की बागायतदारांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "आजकालच्या पोरांना काम नको." मग मोबाईलवर बोलणं, मग दारूवर, मग मुंबईवर. सगळे माना डोलावतात, चहा येतो, विषय संपतो. मला हे वाक्य खोटं वाटतं. का ते आज जरा सविस्तर लिहितो.

हीच पोरं शिमग्याला बघा. फाल्गुनाचं ऊन, खांद्यावर पालखी, घरोघरी फिरणं, रात्रभर जागरण. चाकरमानी पोरगा पगार कापून घेतो पण येतो. नमनात मृदंगावर बसणारा पोरगा वर्षानुवर्षं जुन्या माणसाच्या मागे उभा राहून हात शिकलेला असतो. संकासूर एका दिवसात कुणाला जमत नाही. म्हणजे कष्ट करायची तयारी आहे, शिकायचा धीर आहे, वेळ पाळायची शिस्त आहे. मग ही सगळी गुणवत्ता बागेच्या गडग्यापाशी येऊन कुठे नाहीशी होते?

"शिमगा म्हणजे मजा, बाग म्हणजे मेहनत," असं उत्तर लगेच येईल. पण पालखी काय हलकी असते? फरक दुसराच आहे. पालखीपुढे त्या पोराला नाव असतं, ठरलेलं काम असतं, आणि आज मागे उभा असला तरी उद्या पुढे जायची वाट दिसत असते. बागेत तो नुसता "गडी" असतो. पहिल्या वर्षी जी मजुरी, तीच दहाव्या वर्षी, फार तर महागाईपुरती वाढलेली. काम किती चांगलं केलं हे कुणी मोजत नाही. मोजलं जातं ते फक्त नुकसान.

आता आंब्याकडे या. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, एवढ्याच जिल्ह्यांचा आंबा हापूस. चांगलं झालं. पण मानांकन म्हणजे नुसती माती आणि खारा वारा नाही. फळ चौदा आणे झालं की नाही हे खालून बघून ओळखणारा डोळा, देठासकट फळ झेल्यात घेणारा हात, चीक न सांडता उतरवायची सवय, आढी लावायची समज, हे सगळं त्या नावात आहे. हा हात चुकला तर पेटीवर कुठलंही लेबल लावा, फळ डागाळणारच. ही कला नमनाइतकीच आपली परंपरा आहे. पण नमनाला आपण संस्कृती म्हणतो आणि तोडणीला मजुरी.

आज ही कला आपल्या बऱ्याच बागांत नेपाळहून आलेल्या माणसांच्या हातात आहे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ती नसती तर आपला आंबा झाडावरच पिकून पडला असता. पण त्यांनी हे काम शिकून घेतलं आणि आपल्या पोरांना ते शिकवायला कुणी उभं राहिलं नाही, ही गोष्ट लपवून उपयोग नाही.

"परवडत नाय," हा पुढचा मुद्दा. मान्य, खतं, औषधं, डिझेल, लाकडी पेटी, दलालाची पट्टी, सगळं डोक्यावर आहे. थ्रिप्सने मोहोर काळा पडला की वर्ष गेलं. पण हिशोब करून बघा. समजा 500 पेट्यांची बाग आहे. निर्मळ, देठासकट, डाग नसलेल्या मालावर पेटीमागे 20 रुपये टोळीला जादा दिले तर 10,000 होतात. डागी फळ वेगळं काढून कॅनिंगला घालताना आपण किती सोडतो, ते प्रत्येकाने आपल्या वहीत बघावं.

आणि विमा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख मिळतात. जुन्या कलमाच्या शेंड्याला माणूस चढवणाऱ्या किती बागायतदारांनी गड्याचा हा हप्ता भरलाय? ज्या कामात पडलो तर घर उघड्यावर, त्या कामाला आईबाप पोराला पाठवतील कशाला? केरळात नारळ विकास मंडळाने 2011 पासून माडावर चढायच्या यंत्राचं प्रशिक्षण दिलं, सोबत विमा दिला. त्यात बायकाही आल्या. जे काम कुणाला नको होतं, त्याला हुन्नर म्हणून ओळख मिळाली.

आता परंपरेचीही एक बाजू सांगायला हवी. आपल्या गावकीत मान आहे तसाच मानपानही आहे. कुणाचा खांदा आधी, यावरून भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत गेल्याचं जिल्ह्यात नवीन नाही. काही मान जन्माने मिळतात, बायकांना तर बहुतेक मिळतच नाहीत. रतांबे फोडून सोलं वाळवणारी, काजू बी सोलणारी, लावणीला वाकलेली बाई परंपरेच्या भाषणात कुठेच नसते. ही परंपरा शेतात आणायची नाही. घ्यायची ती सावड. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या.

माझं म्हणणं एवढंच. वाडीवाडीची टोळी करा, पोरं-पोरी दोन्ही. कामाचं वर्ष लावा: जूनमध्ये लावणी, पावसानंतर भातकापणी, मग जुन्या कलमांची छाटणी, फवारणी, राखण, तोडणी, शेवटी पावसाच्या आत रतांबे. तीन महिन्यांच्या कामावर कुणी गावात राहत नाही, बारा महिन्यांच्या कामावर राहील. शिकाऊ, जाणता आणि मुकादम अशा तीन पायऱ्या, तीन दर. शिमगा आणि गणपतीची सुट्टी आधीच ठरलेली. त्यावर कुरकुर नको, कारण त्याच ओढीने पोरगा गावाशी बांधलेला आहे.

दापोली विद्यापीठातल्या मित्रांनाही विनंती. तुमच्या तोडणीच्या प्रशिक्षणाला खुर्चीत आम्ही मालक बसतो आणि झाडावर भलताच चढतो. पुढचं शिबिर झाडाखाली घ्या, झेला ज्याच्या हातात असतो त्याच्यासाठी, आणि त्याला त्याच्या नावाचा दाखला द्या.

हे सगळं केलं तरी काही पोरं मुंबईला जाणारच. जाऊ देत. पण आपण काही न देता त्यांना आळशी म्हणणं आता बंद करूया. पुढच्या बैठकीत कुणी ते वाक्य उच्चारलं तर चहा येण्याआधी एकच विचारा: तुझ्या गड्याचा 20 रुपयांचा हप्ता भरलास का?